बंदुकीची घोडी

कारंज्याच्या बसस्टँडसमोर एक चहाचं हॉटेल आहे. माझे घरमालक तिथे बसायच्या आधी टेबलाचा कोपरा दोन बोटांनी दाबून बघत. टेबल हललं की खिशातून बाभळीची लहानशी पाचर काढत, वाकून पायाखाली सरकवत, पुन्हा दाबून बघत आणि मगच चहा सांगत. हॉटेलवाला म्हणायचा की माझं अर्धं दुकान काकांच्या पाचरींवर उभं आहे. लग्नात गेले तर स्टेजवरच्या खुर्च्या तपासत. बुद्धविहारातल्या मूर्तीखालचं टेबल तर त्यांनी इतकं पक्कं बसवलं होतं की रंग देताना ते कोणाला सरकवता येईना.

‘डुगते’, म्हणजे हलते, हा त्यांच्याकडचा सगळ्यात वाईट शब्द. खाट डुगते, शिडी डुगते, आणि एखाद्या माणसाबद्दल ‘थो डुगते’ म्हणाले की त्या माणसाचा विषय संपला.

मी तेव्हा वनरक्षक होतो. वर्धा जिल्ह्यात, कारंजा तालुक्यातल्या एका गावात बदली झाली आणि त्यांच्या मागच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या. मी खाकी कपड्यात सामान घेऊन दारात उभा राहिलो, तर त्यांनी माझ्याकडे न बघता माझ्या पॅंटच्या कापडाला हात लावला. म्हणाले, “हे फाटलं की फेकू नोका. मले देजा.” माणूस जरा चक्रम आहे असं मी समजलो. पुढे त्या पॅंटचं काय होणार आहे हे मला कळलं असतं, तरी काही वेगळं केलं असतं असं नाही. आम्ही खात्याची माणसं, सांगितलं तेवढं करतो.

त्यांच्याकडे रायफल होती. तीनशे पंधरा बोरची, पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची. त्यांच्या वडिलांच्या नावावरचा परवाना त्यांच्या नावावर झाला होता. दीक्षा घेतल्यानंतर वडिलांनी थोडी जमीन केली, संत्र्याची झाडं लावली आणि बंदुकीचा अर्ज केला. त्या काळी गावात बंदूक मालगुजाराच्या घरातच असायची. वडिलांना तहसिलीने किती वर्षं फिरवलं याचा हिशेब काकांनाही नव्हता. शेवटी परवाना मिळाला, बंदूक आली, ती अंगणात खाटेवर ठेवली आणि अख्खी वस्ती बघायला आली. म्हाताऱ्या बाया खाटेला हात लावून गेल्या. काकांच्या आईने सगळ्यांना गुळाचा चहा पाजला. ही गोष्ट काका नेहमी इथपर्यंतच सांगत. वडिलांनी त्या बंदुकीने काय मारलं, हे मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, “काई नाई. थे मारासाठी नोती.”

पण परवाना पिकाच्या संरक्षणासाठी होता, आणि नंतरच्या काळात रानडुकरं वाढली. हरभऱ्याच्या शेतात रात्रीतून नांगर फिरवल्यासारखं व्हायचं. संत्र्याची नवी कलमं मुळासकट बाहेर पडलेली असायची. आमचं खातं परवानाधारकाला डुकरं मारायची परवानगी देतं. परवानाधारक गावात एकच होता आणि तो दर पौर्णिमेला विहारात पुढे बसून पंचशील सांगायचा. पहिलं शील प्राणीहिंसेपासून दूर राहण्याचं. ते तो सांगायचा, आणि मागून सगळी वस्ती म्हणायची.

काका शेतकऱ्यांना नाही म्हणत नसत. ते म्हणत, “मारू ना. पन आंधी घोडी तयार होऊ द्या.”

बंदूक टेकवायच्या ठाणाला ते घोडी म्हणत. सुतार लाकूड कापायला ठेवतात तिला घोडी म्हणतात, त्यावरूनच. मी राहायला गेलो तेव्हा दुसरी की तिसरी घोडी चालू होती. पहिली म्हणजे स्टुलावर ठेवलेली पिशवी. रेती जड होते म्हणून त्यांनी त्यात सिंदीच्या जिनिंगमधून आणलेली सरकी भरली होती. कापसाच्या मुलखातल्या माणसालाच हे सुचणार. सरकी मऊ असते, बंदूक छान बसते, पण बार काढला की ती चेंडूसारखी उसळी मारते. त्यावर उपाय शोधायचा होता, पण तो शोधेपर्यंत पिशवी गोठ्याशेजारी राहिली आणि म्हशीने ती कापडासकट खाल्ली. म्हशीने त्या आठवड्यात दूध चांगलं दिलं असं काकू सांगायच्या. काकू म्हणजे त्यांची बायको. काका जे बोलायचे नाहीत ते सगळं काकू बोलायच्या.

नंतर बाभळीची बेचकी. तिच्यात त्यांनी नळी टेकवली, आणि प्रत्येक बार वर गेला. तेव्हा त्यांना कळलं की नळी कशालाच टेकवायची नसते, नळीखालचं लाकूड टेकवायचं असतं, आणि तेही कडक वस्तूवर नाही. हे ते मला समजावून सांगत तेव्हा एखाद्या नातेवाइकाचा स्वभाव सांगावा तसं सांगत. बंदुकीला घट्ट धरलेलं आवडत नाही. तिला फक्त ठेवायचं.

मी पाहिली ती घोडी तीन पायांची होती. चार पायांचं काहीही शेतात डुगणारच, तीन पायांचं डुगत नाही. सागाची जाड फळी, मागे अरुंद आणि पुढे रुंद. हायवेवरच्या भंगारवाल्याकडून त्यांनी गाडीचा जुना जॅक आणला होता, तो फळीच्या पुढच्या टोकाला बसवला. दांडी फिरवली की पुढची बाजू केसभर वर, केसभर खाली. जॅकवर लाकडाचा खोलगट तुकडा, त्यात रेतीची पिशवी. मागे बंदुकीच्या दस्त्याखाली दुसरी, लहान पिशवी. ती मुठीत दाबली की दस्ता उचलतो, सोडली की बसतो. दोन्ही पिशव्या माझ्या पॅंटच्या. एका पायाच्या कापडाची पुढची, दुसऱ्याच्या उरलेल्या तुकड्याची मागची. काकूंनी शिवताना विचारलं की खिसा ठेवू का.

रेती त्यांना पवनारचीच पाहिजे होती. त्यांची बहीण तिथे दिलेली. तिच्याकडे गेले की धाम नदीच्या पात्रातून थैलीभर रेती आणायचे. एकदा बसमध्ये कंडक्टरने थैली बघून विचारलं, काय आहे. हे म्हणाले, रेती. कंडक्टर म्हणाला, “काऊन, तुमच्या इकडे सरली काय?” यांनी त्याला वर्ध्यापासून कारंज्यापर्यंत रेतीच्या दाण्याबद्दल सांगितलं. घरी आल्यावर ती धुतली, गच्चीवर काकूंच्या लुगड्यावर वाळवली आणि काकूंच्या पिठाच्या चाळणीने चाळली. काकू माझ्या खोलीच्या दारात येऊन म्हणाल्या, “मानसं नातवासाठी पाळना करते. हा मानूस बंदुकीसाठी करून राह्यला.”

पारख करायची त्यांची पद्धत अशी होती. रिकामी बंदूक घोडीवर ठेवायची, समोरच्या लिंबाच्या खोडावर चुन्याने काढलेल्या टिकलीवर नेम लावायचा, आणि हात काढून घ्यायचे. मग घरात जायचं, चहा प्यायचा, काकूंशी दोन शब्द भांडायचं, परत यायचं आणि बंदुकीला हात न लावता डोळा लावून बघायचं. नेम हलला असला तर मान हलवत. वर्षातून एकदा नाल्याच्या मातीच्या दरडीवर खरा बारही काढत. ती दरड महसुलाची होती, वनखात्याची नव्हती, म्हणून मी तेवढा वेळ चहा पीत बसायचो.

गावाने त्यांची थट्टा केली हे खरं आहे. पारावर पोरं विचारायची, “काका, तुमची घोडी कवा व्याते?” एक जण म्हणायचा, डुकरं म्हातारी होऊन मरतील पण काकांची पाचर संपणार नाही. मीही हसलो आहे. ते ऐकू जाईल इतक्या अंतरावर असतानाही हसलो आहे. काका थट्टेवर चिडत नसत. थट्टा करणाऱ्याची खुर्ची डुगते का तेवढं बघत.

एका दुपारी मी त्यांना सरळ विचारलं. म्हटलं, काका, तुमचा हात स्थिर आहे. चष्मा लागला तरी नजर चांगली आहे. शिकारी लोक तर बेचकीसुद्धा वापरत नाहीत. हे सगळं कशासाठी?

ते बराच वेळ कानशीने जॅकची दांडी घासत राहिले. मग म्हणाले, “पाहा. बंदूक घोडीनं धरली. नेम बी घोडीनंच धरला. मी घरात चहा पिऊन राह्यलो. मंग मारलं कोनं?”

ते थट्टा करत नव्हते. एवढी वर्षं त्यांचं हेच चालू होतं. बंदूक वडिलांची होती, ती परत करणं म्हणजे खाटेला हात लावून गेलेल्या बायांचा हात झिडकारणं. शील तर त्यांनी स्वतः घेतलं होतं. दोन्ही ठेवायचं तर मधे माणूस नको, म्हणून ते माणसाला मधून काढायच्या खटपटीत होते. मी म्हणालो, “काका, पन चाप तर तुमालेच दाबा लागन.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी चापाला सुतळी बांधून ती घोडीच्या पायातून मागे नेली. काकू धुणं वाळत घालत होत्या. त्यांनी ते बघितलं आणि म्हणाल्या, “सुतळीचं दुसरं टोक कोनाच्या हातात देता? माह्या?” काकांनी सुतळी सोडली, गुंडाळली आणि खिशात ठेवली. त्यानंतर बरेच दिवस घोडी पोत्याखाली झाकलेली होती. मला वाटलं संपलं.

मग गावातल्या एका बाईला डुकराने मांडीत दात मारला. ती कापूस वेचत होती, ओळीच्या टोकाला डुक्कर बसलेलं तिला दिसलं नाही. रक्त खूप गेलं. तिला वर्ध्याला दवाखान्यात नेलं. तिचा नवरा दुसऱ्या दिवशी आमच्या ऑफिसात येऊन नुसता उभा राहिला. साहेबांनी परवानगीचा कागद त्याच संध्याकाळी काढला आणि तो पोचवायचं काम माझ्याकडे आलं. मी तो घरी घेऊन गेलो, कारण माझं घर आणि परवानाधारकाचं घर एकच होतं.

काकांनी कागद वाचला. ‘घोडी तयार नाही’ असं म्हणतील म्हणून मी वाट बघत होतो. मी तशी तयारीही केली होती, आठवडाभर कागद माझ्या पेटीत ठेवायची. ते म्हणाले, उद्या बघू. सकाळच्या बसने ते वर्ध्याला दवाखान्यात गेले, संध्याकाळी आले. काय बघितलं, बाई काय म्हणाली, हे त्यांनी कोणालाच सांगितलं नाही, काकूंनाही नाही. हातपाय धुतले आणि घोडीवरचं पोतं काढलं.

आम्ही दोघंच गेलो. बाकीच्यांना मी पलीकडच्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, थांबवून ठेवलं होतं. ऊन उतरलं होतं पण उजेड चांगला होता. नाल्याच्या कडेला रायमुनियाची, म्हणजे घाणेरीची, जाळी आहे, तिथून डुक्कर रोज हरभऱ्यात उतरत होतं. आदल्या रात्री उकरलेली जागा ताजी होती. काकांनी घोडी ठेवली, तिचे तिन्ही पाय मातीत दाबले, फळीवर हात टेकवून अंगाचा भार दिला. घोडी हलली नाही. त्यांनी बंदूक पिशव्यांवर ठेवली, जॅकची दांडी थोडी फिरवली, मागची पिशवी दाबून सोडली. नेम उकरलेल्या जागेवर लावला. मग आम्ही बसून राहिलो.

डुक्कर निघालं तेव्हा ते एकटं होतं. मोठं होतं. आरामात चालत आलं आणि काल जिथे सोडलं होतं तिथून पुन्हा उकरू लागलं. काकांनी एकदा डोळा लावून बघितलं. मग त्यांनी दोन्ही हात बंदुकीवरून काढले आणि मांडीवर ठेवले. बंदूक एकटी होती. तिचा नेम डुकराच्या खांद्यावर होता आणि तिला कोणीही धरलेलं नव्हतं. एवढी वर्षं त्यांना जे पाहिजे होतं ते झालं होतं.

माझ्याकडे वळून ते हळू आवाजात म्हणाले, “सायेब, दाबता का?”

त्यांनी मला कधी साहेब म्हटलं नव्हतं. ‘जंगलवाले’ म्हणायचे, नाहीतर नुसतं ‘ओ’.

मी म्हणालो, “काका, परवाना तुमच्या नावाचा हाये.”

मी चूक बोललो नव्हतो. आजही कोणी विचारलं तरी हेच उत्तर द्यावं लागेल. माझ्या अंगावर वर्दी होती आणि दुसऱ्याच्या बंदुकीचा चाप दाबणं हा गुन्हा आहे. पण त्या वेळी मला नियम आठवला तो गुन्ह्याच्या भीतीने नाही. मला दाबायचं नव्हतं. त्यांच्यासारखंच मलाही दाबायचं नव्हतं, फक्त माझ्याकडे सांगायला कारण होतं.

“हो,” ते म्हणाले. “बरोबर हाये.” आणि त्यांनी बोट चापावर ठेवलं.

डुक्कर उभं होतं तिथेच पडलं. आवाज नाल्यातून फिरून आला, पलीकडच्या धुऱ्यावरून लोक धावले. काकांनी पुन्हा डोळा लावला. नेम अजून तिथेच होता, आता तिथे रिकामी हवा होती. ते म्हणाले, “घोडी हालली नाई.” चोरी झाल्याचं पोलिसात सांगावं तसा त्यांचा आवाज होता.

पुढचं सगळं नियमाने झालं. पंचनामा झाला, खड्डा खणून डुक्कर पुरलं. जखमी बाईचा नवरा काकांच्या पायांकडे वाकला तेव्हा काका मागे सरकले, आणि मागे धुऱ्याचा दगड होता म्हणून पडता पडता वाचले. पारावर त्या दिवशी कोणी थट्टा केली नाही. पोरं त्यांना बघून उठून उभी राहू लागली. मला वाटतं थट्टेपेक्षा त्यांना हेच जड गेलं.

नंतरच्या पौर्णिमेला विहारात ते नेहमीसारखे पुढे बसले. मी मागे दाराशी उभा होतो. त्रिशरण झालं. पहिल्या शीलाशी येऊन ते थांबले. लोक त्यांच्या मागून म्हणायला तयार बसले होते, त्यामुळे सगळेच थांबले. शेवटी पुढे बसलेल्या एका बाईने ते शील स्वतःच म्हटलं आणि सगळे तिच्या मागून म्हणाले. काकांनी दुसऱ्यापासून सांगायला घेतलं, ठणठणीत आवाजात. त्यानंतर दर पौर्णिमेला असंच झालं. पहिलं ती बाई सांगायची, बाकीची चार काका. वयाने विसरतात, असं गावाने ठरवलं. विसरणारा माणूस बरोबर एकच ओळ दर वेळी कशी विसरेल, हे कोणी विचारलं नाही. काकूंनी एकदा मला विचारलं, “तुमी होते ना तिथं?” मी हो म्हणालो. त्या आत निघून गेल्या.

पुढच्या हंगामात कागद पुन्हा आला. एकदा मारलं की खात्यात त्या माणसाचं नाव लागतं. या वेळी तालुक्यातून आणखी दोन गावांची मागणी होती. मी तो काकांना द्यायच्या आधी बरेच दिवस खिशात फिरवला आणि मग जेवताना म्हणालो, काका, परवानाधारक आजारी आहे असं लिहून देतो. डॉक्टरचं काय ते मी बघून घेईन. साहेब काही म्हणणार नाहीत.

त्यांनी हातातला घास ताटात ठेवला.

“कोन बिमार हाये?”

“कोनीच नाई काका. कागदावर.”

“माह्या बापानं अर्ज केला तवा लिवलं होतं, हा मानूस बंदूक सांभाळाले लायक नाई. थे बी कागदावरच होतं.” ते मला रागावले नव्हते. दमलेले होते. “तुमी लिवाचं नाई. कोन्या दिवशी जाचं थे सांगा.”

मी दिवस सांगितला.

त्या वेळी उन्हाळी भुईमुगाचं शेत होतं, सकाळची वेळ. सगळं पहिल्यासारखंच झालं, फक्त या वेळी त्यांनी बंदुकीवरून हात काढले नाहीत आणि मला काही विचारलं नाही. बार झाला, डुक्कर पडलं. लोक यायला अजून वेळ होता, शेत गावापासून लांब होतं. पंचनामा करायला दुसरा गार्ड निघाला होता, तो पोचला की आम्ही मोकळे. तो आला. काका उठले. पायांना मुंग्या आल्या होत्या म्हणून थोडे थांबले. त्यांनी बंदूक रिकामी केली, काडतुसं मोजून खिशात टाकली. मी मागच्या वेळेप्रमाणे घोडी उचलायला वाकलो, कारण ती जड होती आणि बंदूक ते कधीच दुसऱ्याच्या हातात देत नसत. मलाही कधी दिली नव्हती.

त्यांनी माझा हात बाजूला केला आणि घोडी स्वतःच्या खांद्यावर घेतली. मग बंदूक माझ्यासमोर धरली.

परवाना नसलेल्याच्या हातात बंदूक देता येत नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. दुसरा गार्ड बघत होता. मी ती घेतली. नळीला अजून दारूचा वास होता. ते पुढे चालू लागले, मी मागून. शेतांमधल्या पांदणीच्या वाटेने, मग हायवे ओलांडून, मग गावात. पारावर लोक बसले होते, त्यांनी आम्हाला बघितलं, काही उभे राहिले. काका कोणाकडे बघत नव्हते. वाटेत दोनदा थांबून त्यांनी खांदा बदलला. घराच्या दारापर्यंत बंदूक परत मागितली नाही.